चाळीस दिवसांत

मशीन सुरू करायच्या दिवशी कोल्हापूरच्या केंद्रात आम्ही घरची सात माणसं गेलो होतो आणि त्यातल्या चौघांनी फोन वर धरले होते. माझी गिरिजा तेव्हा साडेतीन वर्षांची होती. जन्मापासून तिला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी पुण्याला तिच्या कानामागे ऑपरेशन करून आत एक बारीक तार बसवली होती. आता बाहेरचं मशीन जोडून ते पहिल्यांदा चालू करायचं होतं.

असा एक व्हिडिओ मी फोनवर पाहिला होता. कुठल्या तरी परदेशातला. आईच्या मांडीवर बाळ बसलेलं, कोणीतरी बटण दाबतं, बाळाचे डोळे मोठे होतात, ते हसतं, आणि आई रडायला लागते. दीड मिनिटांचा असेल. मी तो शंभरदा तरी पाहिला असेल. म्हणून त्या दिवशी मी नवी साडी नेसले होते.

केंद्रातल्या सोहनी मॅडमनी कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग गिरिजाचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ती किंचाळली. तसं किंचाळताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. तिनं कानावरचं मशीन ओढून काढलं, माझ्या मांडीवरून खाली घसरली आणि टेबलाखाली जाऊन बसली. एकेकानं फोन खाली घेतले. माझ्या थोरल्या नणंदेनं, कस्तुरीवन्संनी, हळूच विचारलं की बरोबर बसलं नाही का ते.

मॅडम म्हणाल्या, अगदी बरोबर बसलंय. इतकी वर्षं काहीच ऐकलेलं नाही, तर पहिला आवाज आला की भीती वाटणारच. त्या स्वतः टेबलाखाली वाकून गिरिजाशेजारी बसल्या आणि तिथूनच मला म्हणाल्या, "महानंदाताई, हिचा कान आज जन्माला आला. आता एक दिवसाच्या बाळाशी जसं वागाल तसं हिच्याशी वागायचं."

मी विचारलं, बोलायला किती दिवस लागतील.

"दिवस मोजू नका. वर्ष धरा. कदाचित दीड वर्ष."

ते मी ऐकलं. पण परतीच्या बसमध्ये कस्तुरीवन्सं माझ्या शेजारी बसल्या होत्या. मे महिन्याच्या शेवटी त्यांच्या मुलीचं लग्न होतं. त्यांचा चेहरा उतरलेला बघून मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हणून गेले की लग्नात गिरिजा तुम्हाला 'आत्या' म्हणून हाक मारेल. वन्संनी ते सगळ्या भावकीत सांगितलं.

आम्ही इचलकरंजीचे. माझे मालक, गुरुलिंग, वयाच्या सोळाव्या वर्षापासून यंत्रमागावर. एका शेडमध्ये चाळीस-पन्नास माग एकदम चालू असले की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून तिथले कामगार हातानं आणि ओठांनी बोलतात. कांडीवरचं सूत संपलं, धागा तुटला, शेडचा मालक आला, चहा आला, सगळ्याला खुणा आहेत. त्या आवाजानं ह्यांचे स्वतःचे कानही अर्धे गेलेले. गिरिजाला ऐकू येत नाही हे कळल्यावर मी महिनाभर रडत होते, पण ह्यांनी तिला मांडीवर घेऊन मागावरच्या खुणा शिकवायला सुरुवात केली. अंगठा ओठाला लावला की पाणी. मूठ उघडून मिटली की जेवण. दोन वर्षांची असताना ती ह्यांच्याशी हातानं भांडायची. ह्यांची पाळी सुटली की दोघं उंबऱ्यावर बसून असे हातवारे करायचे की गल्लीतली माणसं बघत उभी राहायची. मला त्याची लाज वाटायची. हे खरं आहे, म्हणून सांगते.

मशीन बसल्यावर सोहनी मॅडमनी खुणा बंद करा असं कधी सांगितलं नाही. आधी तोंडानं बोला, तिचा कान जागा होऊ द्या, मग हात वापरा, एवढंच त्या म्हणाल्या. आठवड्यातून दोनदा मी तिला घेऊन कोल्हापूरला जायची. घरी रोज अभ्यास असायचा. मी तिच्या पाठीमागे बसून डबा वाजवायचा, आणि आवाज आला की तिनं हातातला मणी वाटीत टाकायचा. पहिले सहा आठवडे मणी तिच्या हातातच राहिला. मग एक दिवस तो वाटीत पडला. मार्चपर्यंत डबा, घंटी, टाळी, असं तिला कळायला लागलं. कधी कधी नावानं हाक मारली तर ती मान वळवायची, कधी नाही. मॅडम खूश होत्या. माझ्या डोळ्यांसमोर मात्र लग्नाचा मांडव होता, आणि माझी पोर वाटीत मणी टाकत होती.

एप्रिलमध्ये वन्संनी फोनवर एक व्हिडिओ पाठवला. मशीन बसवलेली एक मुलगी, सहा वर्षांची असेल, हात जोडून अख्खी प्रार्थना म्हणत होती. खाली लिहिलेलं, चाळीस दिवसांत मूल बोलकं. पत्ता जयसिंगपूरचा. लग्नाला बेचाळीस दिवस उरले होते.

मी ह्यांना सांगितलं की केंद्रात चाललेय, आणि गिरिजाला घेऊन जयसिंगपूरला गेले.

कुडचे सर म्हणून एक गृहस्थ होते. पंचेचाळिशीचे, पांढरा शर्ट, आवाज अगदी मऊ. मला वाटलं होतं मोठमोठ्या बाता मारतील, तसं काही नाही. त्यांनी गिरिजाला समोर बसवलं आणि बराच वेळ नुसतं बघत राहिले. उन्हातून आलेलो. गिरिजानं अंगठा ओठाला लावला. मी पिशवीतून बाटली काढली, तसा त्यांनी हात पुढे करून मला थांबवलं.

"ताई, ही बोलणार नाही हे तुम्हीच ठरवलंय. हात हलवला की पाणी मिळतं. मग तोंड कशाला हलवील ती?"

मी बाटली तशीच हातात धरून ठेवली.

"भूक आणि तहान. माणूस या दोन गोष्टींसाठी बोलायला शिकला. तुम्ही दोन्ही तिला फुकट देताय." ते हसले नाहीत, रागावले नाहीत. "खुणेला उत्तर द्यायचं नाही. तुम्ही शब्द म्हणा, तिनं शब्द म्हटला की वस्तू द्या. चार दिवस जड जातील. तुम्हाला जड जातील, तिला नाही. आयाच मोडतात. पोरं मोडत नाहीत."

बाटली मी परत पिशवीत ठेवली. बसस्टँडपर्यंत ती माझा पदर ओढत राहिली. मग बसमध्ये तिला झोप लागली.

ह्यांना काही सांगितलं नाही. ह्यांची बारा तासांची पाळी होती, सकाळी सातला जायचे ते संध्याकाळी सातला यायचे. दिवसभर घरी आम्ही दोघीच. सुरुवात बिस्किटापासून केली. दोन दिवस तिनं बिस्किटासाठी हात हलवला, मी नुसतं 'बिस्कीट, बिस्कीट' म्हणत राहिले, ती रडली आणि मग दुसरीकडे जाऊन खेळायला लागली. बिस्किटावाचून तिचं काही अडत नव्हतं. दुधाचंही तसंच. मी कुडचे सरांना फोन केला. ते म्हणाले, ज्यावाचून अडतं ते धरा.

त्या दिवसांत आमच्याकडे ऊन चाळिशीच्या घरात होतं. पत्र्याचं घर. दुपारी भिंतीला हात लावला तरी चटका बसायचा. मी पाण्याचा माठ उचलून ओट्यावर, तिच्या हाताला लागणार नाही असा ठेवला.

पहिल्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि अंगठा ओठाला लावला. मी पेला हातात धरला आणि म्हणाले, "पाणी." तिनं पुन्हा अंगठा लावला. मी म्हणाले, "पाणी." मी दोन्ही हात तिच्यापासून लांब धरले होते. तिला वाटलं मला दिसत नाही, म्हणून ती आणखी जवळ आली, टाचा उंच केल्या आणि अंगठा माझ्या तोंडापुढे धरला. दहा मिनिटं हे चाललं. शेवटी तिच्या तोंडून एक आवाज निघाला, 'आ' असा. मी आनंदानं पेला तिच्या हातात दिला. पेला रिकामा करून तिनं तो परत पुढे केला.

मी सरांना कळवलं. ते म्हणाले, "छान. आता 'आ'वर देऊ नका. 'पा' पाहिजे."

दुसऱ्या दिवशी 'आ'वर दिलं नाही. ती आ आ करत राहिली, मग रडली, मग माझ्या मांडीवर डोकं आपटलं. अर्ध्या तासानं मी तिला चार घोट दिले. तिसऱ्या दिवशी त्याहून उशिरा. संध्याकाळी हे आले की ती यांच्याकडे पळत जायची, आणि हे तिला तांब्याभर पाणी पाजायचे. एवढं का पिते म्हणून यांनी एकदा विचारलंही. मी म्हणाले, ऊन आहे. आणि त्याच रात्री जेवणं झाल्यावर मी यांना सांगितलं की मॅडमनी खुणा बंद करायला सांगितल्यात, तुम्हीपण करू नका. यांनी आपल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "मग मी तिच्याशी बोलू कशानं?"

मी म्हणाले, तोंडानं. यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून यांनी तिच्यासमोर हात पाठीमागे बांधायला सुरुवात केली. ती यांच्या पाठीमागे जायची आणि बोटं उघडायला बघायची.

चौथ्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे आलीच नाही. पाचव्या दिवशीही नाही. मी पेला घेऊन तिच्यासमोर बसले, 'पाणी' म्हणाले, तर तिनं तोंड फिरवलं. मी घाबरून सरांना फोन केला. सर म्हणाले, ही हट्टाची शेवटची पायरी, इथं आई ढिली पडली की सगळं पाण्यात गेलं, आता फक्त थांबायचं.

मग मी थांबले. मॅडमनी सांगितलेलं वर्ष-दीड वर्ष मला जड झालं होतं, आणि हे थांबणं मला जमलं. त्या पाचव्या दिवशी दुपारी दोनला भांडी घासताना माझ्या मनात आलं होतं की ही सकाळपासून लघवीला गेलेली नाही. मनात आलं, आणि मी भांडी घासत राहिले.

सहाव्या दिवशी दुपारी ती घरात दिसेना. दार उघडं होतं. शेजारच्या मुल्लाभाभींच्या दारात दोन शेळ्या बांधलेल्या असायच्या, त्यांच्यासाठी पत्र्याची एक पाटी पाण्यानं भरून ठेवलेली असायची. गिरिजा तिथं उकिडवी बसली होती. शेळीचं तोंड एका बाजूनं पाटीत होतं, आणि दुसऱ्या बाजूनं ही ओंजळीनं पाणी पीत होती. पाण्यावर हिरवट तवंग होता, पाला पडलेला होता. तिनं मान वर केली आणि मला बघितलं. बघितल्याबरोबर तिनं दोन्ही ओले हात पाठीमागे लपवले.

मी तिला फटका मारला. खाकेत धरून घरात आणलं. शेजाऱ्यांनी बघितलं नाही ना, एवढंच त्या वेळी माझ्या मनात होतं.

रात्रीपासून उलट्या सुरू झाल्या. सकाळपर्यंत जुलाब, अंग तापलेलं, डोळे आत गेलेले. हे पाळीवर गेल्यावर ती पार गळाली, तेव्हा मी रिक्षानं तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी तिच्या पोटाचं कातडं चिमटीत धरून सोडलं. ते तसंच उभं राहिलं, सावकाश खाली बसलं. शीर सापडेना. तीन ठिकाणी टोचून चौथ्या ठिकाणी सलाइन लागलं. डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती पिते, लघवी केव्हा झाली, हे कालचं नाही दिसत. मी म्हणाले, उन्हात खेळते, ऐकत नाही. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, आणि लिहून घेतलं. मशीन काढून मी पिशवीत ठेवलं होतं.

निरोप मिळाल्यावर हे शेडमधून तसेच आले. केसांत, भुवयांवर कापूस. खाटेजवळ बसले. तिनं डोळे उघडले. यांना हात पाठीमागे ठेवायचं भान राहिलं नाही. यांनी अंगठा ओठाला लावला आणि भुवया उंचावल्या. पाणी पाहिजे का?

गिरिजाचा मोकळा हात चादरीवरून थोडा वर आला. आणि तिथंच थांबला. तिनं यांच्याकडे न बघता मान वळवून माझ्याकडे बघितलं.

हे एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे असं बघत राहिले. मागावर वीस वर्षं नुसते चेहरे वाचलेला माणूस, त्यांना काही सांगावं लागलं नाही.

"पाणी मागायलाबी तिनं तुला विचारायचं व्हय?"

मी सगळं सांगितलं. जयसिंगपूर, कुडचे सर, माठ, शेळ्यांची पाटी. हे ऐकत होते की ओठ बघत होते, माहीत नाही. सांगून झाल्यावर यांनी खिशातून रुमाल काढला, वाटीतल्या पाण्यात बुडवला, आणि तिच्या ओठांना लावत बसले. मला वाटत होतं यांनी ओरडावं, मारावं. तसं काही झालं नाही. फक्त त्यानंतर कितीतरी महिने हे माझ्याशी कामापुरतं बोलायचे.

सहा दिवसांनी तिला घरी सोडलं. यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे तिच्या उंचीचा एक छोटा माठ आणून खालीच ठेवला आणि त्यावर तिचा स्वतःचा पेला पालथा घातला. तेव्हापासून तिचं पाणी ती स्वतः घेते. आजतागायत तिनं माझ्याकडे पाणी मागितलेलं नाही.

लग्नाला आम्ही गेलो नाही. कुडचे सरांचा दोनदा फोन आला, चाळीस दिवस पुरे केले नाहीत तर जबाबदारी आमची नाही म्हणाले. त्यांना मी काय बोलणार? त्यांनी सांगितलं होतं, पण पेला माझ्या हातात होता.

गिरिजा बरी झाली, पण मशीन बघितलं की खाटेखाली शिरायची. सोहनी मॅडमना मी सांगितलं, ऊन लागलं, दवाखान्यात होती, तेव्हापासून असं करते. मॅडमनी यांच्याकडे बघितलं. हे खिडकीबाहेर बघत होते. मग मॅडम म्हणाल्या, जबरदस्ती करू नका, मशीन मांडीवर घेऊन रोज तासभर तिच्याजवळ नुसतं बसा. तिनं हात लावला तर लावू द्या. नाही लावला तर उठा, परत उद्या बसा.

मी बसायला लागले. जेवणं झाली की फरशीवर, मशीन मांडीत घेऊन. जूनमध्ये ती खोलीच्या त्या टोकाला बसायची. मी सरकले की तीही सरकायची, म्हणून मी सरकणं सोडून दिलं. कधी रडू यायचं, कधी झोप यायची, बऱ्याचदा काहीच यायचं नाही. ऑगस्टमध्ये ती मधल्या दाराशी यायला लागली. दसऱ्याच्या आसपास एक दिवस तिनं येऊन मशीनवरची बारीक वायर बोटानं खालीवर केली आणि निघून गेली. त्या दिवशी मी कोणाला काही सांगितलं नाही. कस्तुरीवन्सं दिवाळीला आल्या तेव्हा म्हणाल्या, एवढा खटाटोप करून शेवटी होती तिथंच आली की पोर. मी म्हणाले, हो. त्या लाडू घेऊन गेल्या.

दिवाळीनंतर तिनं मशीन कानाला लावू दिलं. पाच मिनिटं. मग सात. वाटी आणि मणी पुन्हा पहिल्यापासून. हातवारे घरात परत सुरू झाले होते, यांचे आणि तिचे, आणि आता मीही शिकत होते. माझ्या चुका व्हायच्या. ती माझी बोटं धरून नीट करायची, पण करताना माझ्या तोंडाकडे बघायची, मी चिडले तर नाही ना म्हणून. ते बघणं जायला मशीनपेक्षा जास्त दिवस लागले.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात, एका रविवारी सकाळी, हे मोरीजवळ आरसा टेकवून दाढी करत बसले होते. गिरिजा पाठीमागे उभी होती. मी आत पीठ मळत होते. आणि मला ऐकू आलं, "पप्पा."

'प' जरा फुटलेला, पण शब्द पुरा. यांची तिच्याकडे पाठ, कान असे. यांना काही ऐकू गेलं नाही. वस्तरा चालूच राहिला. तिनं परत म्हटलं. परत काही नाही. माझे हात पिठात थांबले. ओरडून सांगावं असं पोटातून वर आलं होतं, पण मी ओठ दाबून धरले. ती रडली नाही, पाय आपटले नाहीत. चौथ्यांदा म्हटलं, पाचव्यांदा म्हटलं, प्रत्येक वेळी तितक्याच सावकाश. मग ती वळसा घालून यांच्या पुढ्यात गेली, साबणाच्या फेसासकट यांची हनुवटी धरली, तोंड स्वतःकडे वळवलं आणि म्हणाली, "पप्पा."

यांनी तिच्या ओठांवरून ते वाचलं. वस्तरा खाली ठेवला. मी तिथून हलले नाही. तो शब्द त्या दोघांचा होता. मला 'आई' म्हणायला तिला आणखी सात महिने लागले.

त्या उन्हाळ्याला बारा वर्षं झाली. गिरिजा आता अकरावीला आहे. तिचं बोलणं जाड येतं, दुकानात लोक दुसऱ्यांदा विचारतात, ती दुसऱ्यांदा सांगते. यांचे कान जवळजवळ गेलेत. घरात हाताचं बोलणं जास्त चालतं.

गेल्या जानेवारीत केंद्राचा कार्यक्रम होता. नव्यानं मशीन बसलेल्या मुलांच्या आईबापांसमोर मी दोन शब्द बोलावेत असं सोहनी मॅडमचं म्हणणं. मी गिरिजाला घेऊन गेले. मी मणी आणि वाटीचं सांगितलं, मांडीवर मशीन घेऊन बसायचं सांगितलं, घाई करू नका म्हणाले. पुष्कळ टाळ्या पडल्या. बरेचजण फोनवर घेत होते. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी, विशीतली असेल, मांडीवर लेकरू घेऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं, मध्येच मूल एकदम मागं गेलं, असं कधी झालं का हो?

मी म्हणाले, "एक उन्हाळा आजारी पडली. ऊन लागलं होतं. त्यात सहा महिने गेले."

इतक्या वेळा हे सांगितलेलं, की जीभ अडखळलीसुद्धा नाही. गिरिजा बाजूच्या खुर्चीवर बसली होती.

घरी आल्यावर मी दोरीवरचे कपडे काढत होते. ती पुढ्यात येऊन उभी राहिली.

"मला ऊन नव्हतं लागलं."

मी चादर हातात धरून उभी राहिले. मला वाटत होतं, साडेतीन-चार वर्षांच्या लेकराला काय आठवणार.

"मला तहान लागली होती," ती म्हणाली. एकेक शब्द नीट लावून. "तुला माहीत होतं?"

तू लहान होतीस, मला कोणी तरी सांगितलं होतं, मला तुझा आवाज ऐकायचा होता. हे सगळं खरं होतं. बारा वर्षं ते मी तयार ठेवलं होतं.

"माहीत होतं," मी म्हणाले.

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली, आणखी काही येतंय का म्हणून. आलं नाही तेव्हा तिनं माझ्या हातातले कपडे घेतले आणि आत जाऊन घड्या घालायला बसली.

दुसऱ्या दिवशी मी सोहनी मॅडमना फोन करून जे झालं होतं ते सांगितलं, आणि केंद्रानं आपल्या फेसबुकच्या पानावर टाकलेलं माझं भाषण काढायला सांगितलं. मग त्या तिसऱ्या रांगेतल्या मुलीचा नंबर त्यांनी मला दिला, आणि तिला हे तुम्हीच सांगा म्हणाल्या. मी तिलाही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

त्याला आता सात महिने होऊन गेले. गिरिजा माझ्याशी बोलते. कॉलेजचं, बसचं, पप्पांच्या गोळ्या संपल्याचं. त्या दिवसाचं पुढचं काही बोललेली नाही. कधी जेवताना ती मान वर करून माझ्याकडे बघते, आता काही म्हणेल असं वाटतं, आणि मग ती भाजी वाढून घेते. मी विचारत नाही.